एका पाटीवर दोन पत्ते

सुखदेव गजभिये यांना पत्ता विचारायची सोय नव्हती. अमुक ठिकाणी कसं जायचं, असं विचारलं की ते आधी तुम्ही आत्ता कुठे उभे आहात ते विचारत, मग कशाने जाणार ते, मग तिथे पोचून नक्की कोणाला भेटायचं आहे ते. एवढं झाल्यावर पत्ता सांगत आणि शेवटी तुमच्याकडून तो एकदा म्हणवून घेत. ऑफिसात नवीन आलेली मुलं वैतागायची. मीही वैतागले होते. पत्ता विचारणाऱ्याला अर्ध्या वाक्यात वाटेला लावायचं, ही आमची पुण्याची रीत. भंडाऱ्याहून आलेला माणूस आम्हालाच पत्ते शिकवतो, हे पचायला वेळ लागला.

पण त्यांचं पोटच पत्त्यांवर होतं. सी भाषेत प्रोग्राम लिहिणं हा त्यांचा धंदा आणि त्यातही जीव अडकलेला एकाच कामात: एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला शोधणं. यंत्रांना नावं असतात ती माणसांच्या सोयीसाठी. यंत्रं एकमेकांना ओळखतात ती आकड्यांनी. म्हणून आधी नाव देऊन आकडा विचारावा लागतो. बस, काम एवढंच. यावर सुखदेव तासभर बोलू शकत, आणि समोरचा उठून गेला तरी हातातलं वाक्य पुरं करत.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांनी मला हेच शिकवलं. नुकत्याच कॉलेजातून आलेल्या मुलीलाही ते "अवनी मॅडम" आणि "आपण" म्हणत. त्यात कुचेष्टा असावी असं मला बरेच दिवस वाटत होतं. नव्हती.

"गेटहोस्टबायनेम या सीमधल्या तयार फंक्शनला आपण एक नाव दिलं, की ते पत्ता काढून देतं," ते म्हणाले. "पण आपल्या हातात देत नाही बरं. स्वतःच्या पाटीवर लिहितं आणि म्हणतं, ही बघा पाटी. त्याच्याकडे पाटी एकच आहे, शाळेत असायची तशी. दुसरं नाव विचारलं की पहिलं पुसणार आणि तिथेच दुसरं लिहिणार. मग आपण काय करायचं?"

"पहिला पत्ता आधी आपल्याकडे उतरवून घ्यायचा."

"आणि नाही उतरवला तर?"

"दोन्ही वेळा पाटीकडे बघू आणि दोन्ही वेळा दुसराच पत्ता दिसेल."

"आणि कळणार नाही," ते म्हणाले. "प्रोग्राम बंद पडत नाही, तक्रार करत नाही. छान चालतो. फक्त भलत्या दारात जाऊन उभा राहतो."

मग म्हणाले, हे सगळं जुनं झालं, आता नवी सोय आली आहे, ती दर वेळी वेगळी पाटी देते, तीच वापरा. तरीही जुनी चूक माहीत असलेली बरी. नंतर प्रत्येक नव्या मुलाला त्यांनी हेच सांगितलेलं मी ऐकलं. शब्दही तेच असायचे.

आता आमचं काम काय होतं ते सांगते, कारण त्याशिवाय रंगरावांपर्यंत पोचता येणार नाही.

सुखदेव तरुणपणी पुण्यात आले ते नोकरी हातात घेऊन. नोकरी मिळाली, पण खोली मिळेना. फोनवर सगळं ठरायचं, संध्याकाळी या म्हणायचे, आणि संध्याकाळी आडनाव ऐकलं की घरमालकांना एकाएकी आठवायचं की अरे, आमचा भाचा राहायला येतोय. "त्या वर्षी पुण्यात भाचे फार झाले होते," असं सुखदेव सांगत आणि हसत. मला हसू येत नसे. असे भाचे कोणत्या गल्लीत निघत ते मला चांगलं माहीत आहे.

रंगराव काळोखे यांचा मंडईत कांदा-बटाट्याचा गाळा होता आणि राहायला ते शनिवार पेठेत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. मागची खोली रिकामी होती. त्यांनी विचारलं एवढंच, "स्वयंपाक येतो का? माझ्या बायकोच्या डोक्याला ताप नको." सुखदेवांनी आपणहून आडनाव सांगितलं तेव्हा म्हणाले, "बरं, मग?" त्या "बरं, मग"वर सुखदेवांनी तिथे संसार थाटला. लग्न होऊन प्रेमलाबाई त्याच खोलीत आल्या. मुलगी झाली, मैत्री. तिचं नाव ठेवलं त्या दिवशी रंगरावांनी मंडईतून हातगाडी भरून भाजी आणली आणि ती कोणी खायची यावर घरात दोन दिवस भांडण चाललं. पुढे सुखदेवांनी विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. पण मागच्या खोलीची चावी रंगरावांनी परत घेतली नाही. "असू दे, कुठं ओझं होतंय," म्हणाले. रविवारी सकाळी सुखदेव शनिवार पेठेत असायचेच.

रंगरावांची बायको गेली. मुलगा शुभंकर मेलबर्नला गेला. मग एकदा रंगराव न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि दुसऱ्या दिवशी कामवाली येईपर्यंत तिथेच ओल्यात पडून राहिले. सुखदेव धावत गेले. रागावले की त्यांची भंडाऱ्याची बोली वर यायची.

"काहून मले हाक नाही मारली, काका?"

"इथनं विश्रांतवाडीपर्यंत आवाज जातो का माझा?" रंगराव म्हणाले.

एवढ्यावरून तो डबा तयार झाला. नाव "हाक". टीव्हीशेजारी ठेवायचा एक डबा आणि गळ्यात अडकवायचं एक बटण. बटण दाबलं की डबा इंटरनेटवरून आमच्या ऑफिसातल्या यंत्राला निरोप पाठवतो. मग आमच्याकडची मुलगी त्या घरी फोन करते. फोन उचलला नाही तर शेजाऱ्याला, नाहीतर रुग्णवाहिकेला. वीज गेली तरी डबा बंद पडता कामा नये म्हणून आत बॅटरी, आणि कोणी चुकून काढू नये म्हणून ती स्क्रूने बंद केलेली. पहिला डबा रंगरावांच्या घरी लागला. मुलं परदेशात आणि आईबाप एकटे, अशी घरं पुण्यात शोधावी लागत नाहीत. उत्कर्षा मॅडमनी त्यात पैसा घातला आणि छोटी कंपनी उभी राहिली. मी तिथेच लागले.

डब्यावर एक दिवा होता. तो रंगरावांचा हट्ट. "मी दाबलं, ते गेलं का नाही मला कसं कळणार? अंधारात बोंबलल्यासारखं नको." म्हणून निरोप डब्यातून बाहेर पडला की हिरवा दिवा लागायचा. सुखदेवांनी त्यांना समजावलं होतं की यातून निरोप निघाला एवढंच कळतं, पोचला हे कळत नाही. रंगराव म्हणाले, "निघाला ना? मग तू येशील."

डबा चालू झाला की दोन नावं विचारायचा. एक आमच्या मुख्य यंत्राचं, एक राखीव यंत्राचं. मुख्य बंद असेल तर राखीवकडे जायचं. राखीव यंत्राकडे काही आलं तर ते मुख्यकडे पुढे पाठवायचं. पत्ते एकदाच विचारायचे आणि जपून ठेवायचे, म्हणजे ऐनवेळी विचारपूस करण्यात वेळ जायला नको. विचार चांगला होता. सुखदेवांचे सगळेच विचार चांगले असत.

गेल्या वर्षी उत्कर्षा मॅडम थकल्या आणि त्यांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. तिकडून दत्तप्रसाद नावाचे गृहस्थ आले. माणूस वाईट नव्हता, हेच त्याचं वाईट. तो कधी कोणावर आवाज चढवत नसे आणि कधी कशाला हो म्हणत नसे. त्याने आमची यंत्रं मोजली आणि विचारलं, हे राखीव कशाला? मुख्य तर वर्षानुवर्षं बंद पडलेलं नाही. मीटिंगमध्ये सगळ्यांनी सुखदेवांकडे पाहिलं. त्यांनी मुख्य यंत्रावरच्या नोंदी पाहिल्या होत्या, सगळे निरोप नीट येत होते. नवा डबा लावून चाचणीही झाली होती.

"हरकत नाही," सुखदेव म्हणाले. "ते बंद करू शकता."

एका रविवारी रात्री राखीव यंत्र बंद झालं. त्याचा आकडा, म्हणजे पत्ता, भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे परत गेला आणि त्यांनी तो लगेच दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकला. भाड्याच्या खोलीसारखंच आहे ते.

दुसऱ्या दिवशी, सोमवारची गोष्ट. सकाळपासून फोन कमी होते. फोन घेणारी मुलगी खुश होती. मीही खुश होते. जेवायच्या वेळी डबे उघडले आणि सुखदेवांनी घास हातात धरून विचारलं, "आज वेणूबाईंचा फोन झाला का?"

वेणूबाई लोणी काळभोरच्या. मुलगा दुबईत, सून पोरांना घेऊन माहेरी. त्या रोज सकाळी बटण दाबत. काही झालेलं नसायचं. आमच्या मुलीचा फोन आला की तिला भाजी काय केली विचारायच्या, तिचं लग्न जमलं का विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्यांना अनेकदा सांगून झालं होतं की हे बटण त्यासाठी नाही. एकटी बाई बटण कशासाठी दाबते हे तिला सांगणारे आम्ही कोण, हा प्रश्न वेगळा.

"नाही झाला," मुलगी म्हणाली. "बरं झालं की."

सुखदेवांनी हात धुतला आणि स्वतः फोन लावला. स्पीकरवर.

"आवं म्या दाबलं की सकाळी," वेणूबाई म्हणाल्या. "दोनदा दाबलं. हिरवा दिवा बी लागला. तुमची पोरगीच फोन करंना. रुसली हाय का काय?"

सुखदेवांनी "ठीक आहे, आज्जी" म्हटलं आणि फोन ठेवला. मग त्यांनी पहिल्या खेपेच्या डब्यांचा प्रोग्राम उघडला. ती फाइल त्यांनी कित्येक वर्षांत उघडली नसावी. पुढच्या खेपेला नवी सोय आली होती, तेव्हा सगळं नव्याने लिहिलं होतं. ही जुनी फाइल चालत होती, म्हणून तिला कोणी हात लावला नव्हता. मी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले. दोन ओळी होत्या, एकाखाली एक. पहिलीत मुख्यचं नाव विचारलं होतं, दुसरीत राखीवचं. मध्ये काहीही उतरवून घेतलेलं नव्हतं.

"पाटी," सुखदेव म्हणाले.

मला कळायला क्षणही लागला नाही. त्यांनीच शिकवलं होतं. दुसरा पत्ता लिहिताना पहिला पुसला गेला होता. हे जुने डबे पहिल्या दिवसापासून मुख्य यंत्राकडे कधी गेलेच नव्हते. ज्याला ते मुख्यचा पत्ता समजत होते तोही राखीवचाच होता. राखीव यंत्र बिचारं आलेला प्रत्येक निरोप मुकाट्याने मुख्यकडे पोचवत राहिलं, म्हणून कोणाला काही कळलं नाही. आणि ज्याच्या जिवावर सगळं चाललं होतं, ते आम्ही निरुपयोगी म्हणून बंद केलं होतं.

सुखदेवांनी रंगरावांना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"झोपले असतील," मी म्हटलं. या वेळी ते झोपत नाहीत हे मला ठाऊक होतं. या वेळी ते टीव्हीवर बातम्या बघतात आणि बातम्या देणाऱ्याला उत्तरं देतात.

रंगरावांचे शेजारीही फोन उचलत नव्हते; जुने डबे असलेल्या बाकीच्या घरांना फोन लावायला मुलीला बसवलं आणि सुखदेवांच्या स्कूटरवर मी मागे बसले. का बसले ते सांगता येत नाही, त्यांना एकट्याला सोडवेना. वाटेत मी दत्तप्रसादना फोन लावून राखीव यंत्र ताबडतोब चालू करा म्हणून सांगितलं. ते शांतपणे म्हणाले की यंत्र चालू करता येईल, पण तो आकडा आता आपला नाही. मी म्हटलं, ज्याला दिला त्याच्याकडून परत घ्या. ते म्हणाले, "कोणाला दिलाय ते ते सांगत नाहीत, मॅडम. आपण त्या नावाला नवा पत्ता लावून देऊ, त्याला काय वेळ लागतोय?" खरंच वेळ लागत नव्हता. पण डब्यांनी पुन्हा विचारायला तर हवं. ते पुन्हा विचारणार नव्हते. विचारतात फक्त चालू होताना, आणि ते बंद पडू नयेत याची चोख व्यवस्था आम्हीच करून ठेवली होती. मी हे ओरडून सांगत होते, शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघत होता, आणि सिग्नल काही सुटत नव्हता. सुखदेव हॉर्नही वाजवत नव्हते. पुढच्या टेम्पोच्या मागे नुसते उभे होते. मला त्यांचा राग आला. मग कळलं, त्या वेळी त्यांना करता येण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

इमारतीच्या जिन्याखाली बजरंग इस्त्री करत होता. सकाळी सातापासून तो तिथेच असतो. सुखदेवांना बघून म्हणाला, "आज सोमवारी कसे काय?" वर काही आवाज वगैरे झाला का, विचारलं तर नाही म्हणाला.

पुढचा दरवाजा आतून बंद होता. सुखदेव गॅलरीतून मागे गेले आणि त्यांनी खिशातल्या जुडग्यातून मागच्या खोलीची चावी काढली. आपल्याच जुन्या खोलीतून आत शिरले. मी मागोमाग.

रंगराव स्वयंपाकघरात ओट्याखाली पडले होते. एक पाय विचित्र वळलेला. चहाचं भांडं शेजारी पालथं झालेलं आणि चहा फरशीवर वाळून गेलेला. गळ्यातलं बटण मुठीत. बाहेरच्या खोलीत डब्यावरचा हिरवा दिवा तिथूनही दिसत होता, दारातून सरळ रेषेत.

"आलास," ते म्हणाले. आवाज फार बारीक होता. "हिरवा लागला तेव्हाच म्हटलं, निघाला सुखदेव."

"कधी पडलात, काका?"

"चहा करत होतो की."

म्हणजे सकाळपासून. आता दुपार कलत होती. मी रुग्णवाहिकेला फोन केला. सुखदेव त्यांच्या डोक्याखाली हात घालून फरशीवर बसले.

"ओरडायचं तर, काका. खाली बजरंग होता. एक हाक मारली असती तर तो धावत आला असता."

"कशाला ओरडायचं?" रंगरावांना नवल वाटलं. "हिरवा लागला होता ना."

त्या क्षणी सुखदेवांचा चेहरा मी पाहिला. तो कसा झाला होता ते सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत आणि शोधायचीही इच्छा नाही. दिवा नसता तर रंगराव ओरडले असते. डबाच नसता तरी ओरडले असते. खाली दोन जिन्यांवर माणूस उभा होता आणि हे सकाळपासून गप्प पडून राहिले, कारण डब्याने त्यांना खोटं सांगितलं होतं आणि त्यांनी डब्यावर नाही, सुखदेवांवर विश्वास ठेवला होता.

बाकीच्या डब्यांचं आम्ही दोन-तीन दिवसांत निभावलं. दत्तप्रसादनी त्या नावाला मुख्य यंत्राचा पत्ता लावला आणि आम्ही सगळे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन घरोघर फिरलो. डबा उघडायचा, बॅटरी काढायची, परत लावायची. मग तो पुन्हा नावं विचारायचा आणि योग्य पत्ता मिळायचा. म्हातारी माणसं चहा घेतल्याशिवाय सोडत नव्हती. काय बिघडलं होतं असं कोणी विचारलंच नाही. वेणूबाईंनी मला शेंगदाण्याचा लाडू दिला आणि "त्या पोरीला सांग, रुसू नको" म्हणाल्या. इतर कोणाला काही झालं नव्हतं. नशीब, दुसरं काय. सगळ्यांचं नशीब चांगलं आणि एका रंगरावांचं नाही.

रंगरावांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हाड बसेल, पण फार वेळ पडून राहिल्यामुळे मूत्रपिंडांवर ताण आला आहे, आणि या वयात... ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. वॉर्डात रंगरावांचं मन भरकटायला लागलं. कधी ते मंडईत असायचे, कधी बायकोला हाका मारायचे. मधूनच अगदी शुद्धीवर यायचे आणि नर्सच्या इंजेक्शनला नावं ठेवायचे.

अशाच एका शुद्धीच्या वेळी सुखदेवांनी त्यांना खरं काय ते सांगितलं. मी तिथे होते. दोन पत्ते, एक पाटी, सगळं सांगितलं. "तुमची हाक माझ्यापर्यंत आलीच नव्हती, काका. माझ्या चुकीने. वेणूबाईंचा फोन आला नाही म्हणून मला शंका आली, म्हणून मी आलो."

रंगरावांनी ऐकून घेतलं. "लक्ष्मी रोडला गर्दी असते रे दुपारची," ते म्हणाले. "उशीर व्हायचाच."

शुभंकर मेलबर्नहून फोनवर बोलला. रडत होता. त्याला रजा मिळायला वेळ लागणार होता. सुखदेवांनी त्यालाही सांगायला सुरुवात केली, तर तो मध्येच म्हणाला, "काका, तुमचा डबा होता म्हणून बाबा वाचले. मी तर इथे बसून काहीच करू शकलो नसतो." सुखदेवांनी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्याने आभार मानले. नव्या कंपनीने तर "हाकेमुळे ज्येष्ठ नागरिकाचे प्राण वाचले" असा मजकूर तयार करून आमच्याकडे वाचायला पाठवला. मी त्याला उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रेमलाबाई मला म्हणाल्या, "ते रात्री जेवत नाहीत. कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. सगळे थँक यू म्हणतात."

त्या माणसाला कोणी गुन्हा कबूल करू देत नव्हतं. आणि मी मध्ये काय बोलणार? त्यांनी शिकवलेलंच त्यांना सांगणार?

सुखदेवांनी मग एक केलं. जुना प्रोग्राम बाजूला ठेवून सगळ्या डब्यांसाठी नवा लिहिला. पत्ते दर वेळी नव्याने विचारायचे, वेगवेगळे ठेवायचे. आणि हिरवा दिवा निरोप निघाल्यावर नाही, तर आमच्याकडून "मिळाला" असं उत्तर आल्यावरच लावायचा. उत्तर आलं नाही तर लाल. म्हणजे लाल दिसला की माणूस निदान ओरडेल. इतकं स्वच्छ काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

तोवर रंगरावांनी वॉर्डात धोशा लावला होता. "माझा डबा कुठाय?" नर्सनी त्यांना पलंगाची घंटी दाखवली. ती त्यांनी ढकलून दिली. शेवटी सुखदेवांनी डबा आणून खाटेशेजारच्या कपाटावर ठेवला आणि बटण त्यांच्या गळ्यात घातलं. आत नवा प्रोग्राम होता. वॉर्डात इंटरनेट नव्हतं, दुसऱ्या कोणाचं वापरायची परवानगी नव्हती. रंगरावांनी बटण दाबलं. लाल दिवा लागला. ते बघत राहिले. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल. घामाघूम झाले, उठायला लागले, नळ्या ओढायला लागले. शेवटी दोघांनी धरून झोपवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात आले तर सुखदेव आधीच येऊन बसले होते. पडद्यावर जुनी फाइल उघडी होती. त्या दोन ओळी, एकाखाली एक, मध्ये काही न उतरवलेल्या. ते ती फाइल जशीच्या तशी एका डब्यात भरत होते.

"अहो, हे काय करताय?" मी विचारलं.

"काकांना हिरवा लागतो," ते म्हणाले.

"पण जुना दिवा तर इंटरनेट नसतानाही लागतो. हा निरोप कुठेच जाणार नाही."

"ठाऊक आहे मला."

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. डबा कपाटावर होता. सुखदेव खाटेला लागून स्टुलावर बसले होते, ऑफिसचे कपडे, मांडीवर न उघडलेला जेवणाचा डबा. रंगरावांचे डोळे छताकडे होते. शेजारी कोण बसलंय हे त्यांना कळत होतं असं मला वाटलं नाही. त्यांचा हात हळूहळू छातीवरून सरकला, बटण सापडलं, दाबलं. हिरवा दिवा लागला. रंगरावांनी मान वळवून तो पाहिला आणि त्यांचा श्वास जरा खाली बसला.

"आलो, काका," सुखदेव म्हणाले.

रंगरावांनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. ओळखलं. तोंडावर थोडं हसू आलं.

"आज लवकर आलास," ते म्हणाले.

सुखदेवांनी त्यांचा हात बटणावरून सोडवून आपल्या हातात घेतला.

"जवळच होतो," म्हणाले.